चायनाची पुडी आणि आपलं पोट

शहागंजात काष्ठौषधींच्या दुकानात सुंठ घ्यायला गेले होते. माझ्या पुढं एक ताई उभी होती. हातात मोबाइल, त्यावर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ. तिनं दुकानदाराला विचारलं, "भाऊ, हे चायनाचं पोटाचं औषध आहे का तुमच्याकडं?" त्यानं पुडी बांधता बांधता विचारलं, "त्रास काय आहे?" ती म्हणाली, "गॅस होतो, पोट साफ होत नाही, जेवण जात नाही." त्यानं बरणीतून एक पिवळसर मुळी काढली. "ही रेवाचिनी. हीच चायनाची."

तो काही फार खोटं बोलत नव्हता. नावातच चीन आहे. ही मुळी चीन-तिबेटच्या डोंगरांतून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर इराणकडं आणि पुढं आपल्याकडं आली, आणि युनानी हकिमांनी ती वापरात ठेवली. आज बाजारात मिळते त्यातली बरीचशी हिमालयातली असते, पण नाव तेच राहिलं. दालचिनीच्या नावात चीन आहे, चोपचिनीच्याही. गोव्यात १५६३ साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं, त्यात चोपचिनी आहे आणि रेवाचिनीही आहे. म्हणजे चिनी औषध हे काही व्हिडिओतून आलेलं नवं प्रकरण नाही.

रेवाचिनीनं पोट साफ होतं हे खरं. सोनामुखीनंही होतं. दोघींचं काम एकच, आतड्याला चिमटा काढून पळवायचं. कधीतरी एखाद्या दिवशी ठीक आहे. रोजची सवय लागली की शरीरातलं पोटॅशियम उतरतं, अंगात त्राण राहत नाही आणि पुढं पुडीशिवाय परसाकडला होतच नाही. गरोदर बाईनं तर ती मनानं घेऊच नये.

मी त्या ताईला थांबवलं. परकी बाई मधेच का बोलते म्हणून तिच्या कपाळावर आठी आली. पण मला बोलायला कारण होतं, आणि ते लिहायला लाज वाटते तरी लिहिते.

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. निवृत्त झाल्यावर ॲक्युप्रेशरचा एक वर्ग केला, त्यातून चिनी वैद्यकाची गोडी लागली. त्याच सुमारास माझ्या आत्याचं पोट दुखायला लागलं. कधी जुलाब, कधी चार-चार दिवस काही नाही. एका शिबिरात मीच तिला घेऊन गेले. तिथल्या माणसानं जीभ पाहिली, नाडी पाहिली, "तुमची प्लीहा थंड पडली आहे" म्हणाला आणि प्लास्टिकच्या पिशवीत तपकिरी गोळ्या दिल्या. पिशवीवर नाव नाही, तारीख नाही. "चिनी जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही." आत्या मला म्हणायची, "बाई, तू नर्स आहेस, तू म्हणशील तसं." आणि मी म्हणत होते, घे. तिचे ब्लाउज ढिले व्हायला लागले. संध्याकाळी अंगात कणकण असायची. मी तिच्या गुडघ्याखालचा बिंदू दाबत बसायचे.

चार महिन्यांनी सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. आतड्याचा क्षयरोग निघाला. टीबी काय फक्त फुप्फुसाचा असतो? आतड्याचाही होतो, आणि वजन घटणं, संध्याकाळचा ताप, पोटदुखी ही त्याची खूण मी शंभर वेळा शिकले होते. आत्या बरी झाली. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तिनं ती एकही दिवस न चुकवता घेतली. पण ते चार महिने तिचे गेले, माझ्यामुळं गेले.

एवढं होऊनही मी चिनी वैद्यकाला शिव्या देणार नाही. माझं मत असं झालं आहे की पोटासाठी त्यातलं जे खरोखर घेण्यासारखं आहे ते पुडीत मिळत नाही, ते आपल्या चुलीवर होतं.

चिनी वैद्यक पचनाबद्दल काय म्हणतं ते आधी बघू. पोट म्हणजे जाळावर ठेवलेलं पातेलं. खाली जाळ मंद पण सतत पाहिजे. वरून थंडगार, कच्चं, तेलकट लोटत राहिलं की जाळ विझतो, अन्न शिजत नाही, तसंच पडून राहतं. मग गॅस, जडपणा, पातळ शौच, अंगात आळस. या जाळाला ते प्लीहा आणि जठर यांची शक्ती म्हणतात. त्यांची ही प्लीहा म्हणजे आपल्या डाव्या बरगडीखालची पाणथरी नव्हे. पचनाच्या सगळ्या कारभाराला जुन्या काळी दिलेलं ते एक नाव आहे. तेव्हा कुणी "प्लीहा कमजोर" म्हटलं म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि तेवढ्यावर गोळ्या गिळायचंही नाही.

यावरून निघणारे नियम साधे आहेत. शिजवलेलं, कोमट खा. वेळेवर खा. सावकाश चावा. थोडी भूक ठेवून उठा. आजारी असाल तर तांदूळ भरपूर पाण्यात विरघळेपर्यंत शिजवून त्याची पेज प्या, हवं तर आल्याचा तुकडा टाका. मळमळीवर आलं खरोखर चालतं, गरोदरपणातल्या मळमळीवरही त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. संत्र्याची वाळवलेली जुनी सालही ते पोटातल्या गॅससाठी उकळून घेतात. आपलं नागपुरी संत्रं त्याच जातीचं आहे, फक्त बाजारच्या फळावर फवारणी असते, म्हणून साल वापरायचीच तर नीट धुऊन.

आणि हो, आपल्या चौकातली "चायनीज"ची गाडी यात कुठंच बसत नाही. लाल सॉस, मोठ्या जाळावर तळलेलं मंचुरियन आणि वर थंडगार कोल्ड्रिंक, हे एखाद्या चिनी वैद्याला दाखवलं तर तो कपाळावर हात मारून घेईल. आपली पोरं रात्री अकराला ते खाऊन झोपतात आणि सकाळी आई विचारते, पोटासाठी चायनाचं काही औषध आहे का.

चिनी माणसाची सगळ्यात शिकण्यासारखी सवय म्हणजे गरम पाणी. तिथं थर्मास प्रत्येकाजवळ असतो, रेल्वेगाडीत उकळत्या पाण्याचा नळ असतो. १९५२ पासून तिथल्या सरकारनं स्वच्छतेची देशव्यापी मोहीम चालवली, तिच्यामुळं पाणी उकळून पिणं घरोघर पक्कं झालं. गरम पाण्यानं पोटातला जाळ राहतो, हे जुन्या वैद्यांचं कारण. उकळल्यानं हगवणीचे, टायफॉइडचे, काविळीचे जंतू मरतात, हे आपल्याला आज माहीत असलेलं कारण. कारण कुठलंही धरा, माणूस वाचला.

आपल्या परंपरेलाही हे परकं नाही. तथागतांना एकदा पोटातल्या वाताचा त्रास झाला. संयुत्त निकायात ही हकीकत आहे. त्यांची सेवा करणारा उपवान नावाचा भिक्खू देवहित नावाच्या ब्राह्मणाकडं गेला आणि गरम पाणी व गूळ घेऊन आला. त्यानं भगवंतांना गरम पाण्यानं अंघोळ घातली, गूळ गरम पाण्यात कालवून प्यायला दिला, आणि त्यांना आराम पडला. मंत्र नाही, गंडा नाही, नवस नाही. विनयपिटकाच्या महावग्गात तर पेजेचे, म्हणजे यागूचे, दहा गुण सांगितले आहेत. ती बळ देते, भूक-तहान शमवते, वात मार्गाला लावते, मूत्राशय शुद्ध करते, पोटात न पचता राहिलेलं पचवते, असं त्यात आहे. चिनी वैद्य आपल्या पेजेबद्दल हेच सांगतो. वैशाख पौर्णिमेला आपण सुजाताच्या आठवणीनं खीर वाटतो ना? चीनमध्ये त्यांच्या बाराव्या महिन्याच्या अष्टमीला बुद्धांच्या संबोधीची आठवण म्हणून धान्यं, कडधान्यं, लाल बोरं घालून शिजवलेली पेज घरोघर खातात.

हे दोन देश पोटाच्या बाबतीत एकमेकांशी बोलतही होते. इत्सिंग हा चिनी भिक्खू ६७१ साली समुद्रमार्गानं निघाला, नालंदेत सुमारे दहा वर्षं राहिला. त्यानं इथल्या भिक्खूंच्या राहणीवर लिहिलं, त्यात जेवणाआधी हात धुणं आहे, दातवण आहे, पिण्याचं पाणी वेगळं ठेवणं आहे. आजारांचं मूळ तो अति खाण्यात, अति श्रमात आणि आधीचं पचण्याआधी पुन्हा जेवण्यात शोधतो. सुई टोचण्याच्या आणि नाडी पाहण्याच्या विद्येत चीनची बरोबरी कुणी करत नाही, असा त्याला अभिमान होता. पण तोच इत्सिंग आपल्या देशात मलमूत्राची औषधं दिली जातात म्हणून कडक शब्दांत टीका करतो. मला हा भिक्खू फार आवडतो. आपलं आहे म्हणून झाकलं नाही.

खाण्याच्या प्रमाणाबद्दल पसेनदी राजाची गोष्ट आपल्याला माहीत आहेच. द्रोणभर भात खाऊन धापा टाकत भगवंतांसमोर येऊन बसायचा. भगवंतांनी मात्रा ओळखून खाण्याची गाथा सांगितली, राजानं ती जेवताना रोज ऐकवायला एक तरुण नेमला आणि हळूहळू जेवण कमी केलं. पण ही गोष्ट राजाची आहे. आपल्या वस्तीत किती तरी बायका सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खातात. त्यांना कमी खा, लंघन करा, असं कुठल्याही वैद्यकाच्या नावानं सांगू नका. साखरेच्या रुग्णाला आणि लेकरांनाही नको.

आता पेजेसाठी तांदूळच हवा असं नाही. मराठवाड्यात आपल्याकडं ज्वारीच्या कण्या आहेत, आंबील आहे. वाळूज-चिकलठाण्याला रात्रपाळी करून सकाळी आलेल्या माणसानं वडापाव खाऊन झोपण्यापेक्षा वाटीभर कोमट कण्या खाव्यात. लेकराला जुलाब लागले तर मीठ घातलेली पातळ पेज द्या आणि ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, यापेक्षा मीठ जास्त नको. अंगावरचं दूध पिणाऱ्या लेकराचं दूध बंद करू नका.

पण गरम पाणी प्या हे लिहिणं सोपं आहे, हे मला कळतं. आपल्या शहरात किती तरी वस्त्यांत नळ आठवड्यातून एकदा येतो. कधी रात्री दोनला येतो. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर भरलेलं असतं आणि आपण निळ्या ड्रममध्ये आठ दिवसांचं पाणी साठवून बसतो. त्या ड्रममध्ये लेकरू तांब्या बुडवतं, हात बुडतो, आणि घरातल्या सगळ्यांचं पोट बिघडतं. मग कुणी म्हणतं प्लीहा, कुणी म्हणतं नजर लागली. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तो लढा पाण्याला हात लावण्याच्या हक्काचा होता. आज हात लावायला कुणी अडवत नाही, पण नळच कोरडा आहे. म्हणून पोटाच्या आरोग्यावर विहारात व्याख्यान ठेवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की त्याच बैठकीत पाण्याच्या अर्जावर सह्याही घ्या. पाणी द्यायचं ज्यांचं काम आहे त्यांच्या टेबलावर तो अर्ज पोचला पाहिजे. हे औषधाइतकंच पोटाचं काम आहे.

तोवर घरात काय करायचं? पिण्याचं पाणी वेगळ्या झाकणाच्या भांड्यात ठेवा आणि त्यात लांब दांड्याचं ओगराळंच बुडवा, हात नाही. उकळताना खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. सिलिंडर परवडत नसेल तर क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा.

सुईबद्दल लोक विचारतात. ॲक्युपंक्चर आपल्याकडं आलं त्यामागं माणुसकीची एक मोठी गोष्ट आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस आधुनिक शस्त्रक्रियेचे डॉक्टर. जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथंच गेले. त्याच पथकातले डॉ. बिजय बसू पुढं पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. महाराष्ट्रात त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, नोंदणी करणारी परिषद आहे. तेव्हा सुई टोचणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. सुई आपल्यासमोर फोडलेल्या पाकिटातलीच हवी, नाहीतर काविळीचा किंवा एचआयव्हीचा विषाणू विकत घेतल्यासारखं होईल.

फायदा किती? मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधे एक बिंदू आहे. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ तो उद्दीपित केल्यानं कमी होते, असं अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं. तो बोटानं दाबायला पैसे लागत नाहीत. उलट आयबीएस या आतड्याच्या तक्रारीत खरी सुई आणि खोटी सुई यांत रुग्णांना फरक जाणवला नाही. म्हणजे काही ठिकाणी उपयोग आहे, काही ठिकाणी नाही. परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, म्हणून मानू नका, हे कालामांना सांगणाऱ्या धम्माचे आपण. चिनी संशोधक तू यूयू यांनी तेच केलं. जुन्या चिनी ग्रंथात तापावरची एक वनस्पती सापडली, तिच्यातला अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, आधी स्वतः घेऊन पाहिला, मग मलेरियाचं औषध तयार झालं. २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं.

आणि न तपासलेल्या पुडीनं काय होतं तेही ऐका. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या एका केंद्रात बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. एका मुळीच्या जागी नामसाधर्म्यामुळं दुसरीच मुळी पडली होती. किती तरी जणींची मूत्रपिंडं निकामी झाली, काहींना पुढं मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्या मुळीतलं विष ज्या कुळात असतं, आपल्याकडची ईश्वरमूळ त्याच कुळातली आहे. ती पोटदुखीवर उगाळून देणारी माणसं अजून भेटतात. देऊ नका.

पोटाचं दुखणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलं, विनाकारण वजन घटलं, संध्याकाळी ताप येतो, गिळताना अडकतं, उलटी थांबत नाही, शौचातून रक्त जातं किंवा ती डांबरासारखी काळी होते, डोळे पिवळे दिसतात, चाळिशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला, यातलं एक जरी असेल तरी गुडघ्याखालचा बिंदू दाबत बसू नका, थेट घाटीला जा. आणि छातीच्या मधोमध दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरलं, तर त्याला गॅस म्हणून सोडा-लिंबू पाजू नका. ते हृदय असू शकतं. तेव्हा १०८ ला फोन करा.

शहागंजातल्या त्या ताईनं रेवाचिनी परत ठेवली, पण माझ्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे, मी फार बोलते म्हणून. दुकानातून बाहेर पडल्यावर चमनजवळ पुन्हा भेटली. म्हणाली, "आक्का, तिथं कुठं जायचं, काय बोलायचं, मला काही कळत नाही. येता का सोबत?" सोमवारी गेलो. तिचं हिमोग्लोबिन सात निघालं. जेवण का जात नव्हतं, अंगात जोर का नव्हता, त्याचा निम्मा उलगडा तिथंच झाला. रक्त कुठं जातंय ते शोधायच्या तपासण्या चालू आहेत. सध्या ती लोहाच्या गोळ्या घेते. त्यानं शौच काळपट होते, हे तिला आधीच सांगून ठेवलं आहे, नाहीतर हा लेख वाचून घाबरायची.